विद्युत मोटारीने लांबचा प्रवास

विद्युत मोटारीने लांबचा प्रवास : बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीने केलेला, वाटेत निदान एकदा तरी चार्जिंग करावे लागेल इतक्या अंतराचा प्रवास. आजच्या मध्यम आकाराच्या गाड्यांचा विचार केला तर साधारण ३०० किमी.च्या पुढचे अंतर यात मोडते. रोजच्या फेऱ्यांसाठी ही गाडी सोयीची आहे याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. रात्री घरी प्लग लावला की सकाळी गाडी तयार असते. वाद उरला आहे तो लांबच्या वाटेचा, आणि त्यात बहुतेक वेळा चुकीचा आकडा पुढे केला जातो. जाहिरातीत ठळक छापलेल्या रेंजवरून, म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणाऱ्या पल्ल्यावरून, प्रवास कसा होईल हे फारसे कळत नाही. थांबल्यावर दर मिनिटाला किती किलोमीटरची वीज गाडीत भरता येते, आणि ती भरून देणारे चालू स्थितीतले चार्जर वाटेवर किती अंतराने आहेत, या दोन गोष्टींवर प्रवासाची सोय-गैरसोय ठरते.

ऊर्जेचा हिशोब : एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ९ युनिट ऊर्जा असते. ५० लिटरच्या टाकीत साडेचारशेच्या आसपास युनिट मावतात. सध्याच्या बहुतेक विद्युत मोटारींची बॅटरी ४० ते १०० युनिटांची असते. तरीही गाडी शेकडो किलोमीटर जाते, कारण पेट्रोल इंजिनात बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, तर विद्युत मोटार बॅटरीतली बरीचशी ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचवते. खरा फरक भरण्याच्या वेगात आहे. पेट्रोल पंपाची नळी मिनिटाला ३५ लिटर सोडत असेल, तर तिच्यातून जवळजवळ १९,००० किलोवॅट इतक्या दराने ऊर्जा टाकीत उतरते. महामार्गावरचे चांगले चार्जर १५० ते ३५० किलोवॅटचे असतात. या बाबतीत विद्युत मोटारीला पेट्रोल गाडीची बरोबरी करता येणार नाही, आणि तिला तशी गरजही नाही. मात्र थांबे अधिक आणि लांब असणार हे गृहीत धरूनच बेत आखावा लागतो.

कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला : छापील रेंज ठरवणाऱ्या, युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रोलरवर पळवली जाते. त्या चाचणीतला सरासरी वेग ताशी सुमारे ४६ किमी. असतो. लांबच्या प्रवासात मात्र गाडी तासन्‌तास ११० ते १३० च्या वेगाने धावते. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी १०० किमी.च्या तुलनेत १३० ला तो सुमारे ६९ टक्के जास्त असतो. मध्यम आकाराची गाडी १०० च्या वेगाने दर शंभर किलोमीटरला १६ युनिट खात असेल, तर १३० ला २२ च्या घरात जाते. पेट्रोल गाडीलाही हा नियम लागू आहे. पण तिथे शहरात इंधन जास्त लागते आणि महामार्गावर कमी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विद्युत मोटारीत नेमके उलटे घडते. शहरातली आकडेवारी पाहून खूश झालेला चालक महामार्गावर पहिल्याच दिवशी चकित होतो.

मग सावकाश चालवावे का? याचे उत्तर चार्जरवर अवलंबून आहे. ५०० किमी. अंतर १०० च्या वेगाने कापायला ५ तास लागतात, तर १३० ने ३ तास ५१ मिनिटे. वाचली ६९ मिनिटे आणि जास्त खर्च झाली ३० युनिट. ती ३० युनिट १०० किलोवॅटच्या दराने १८ मिनिटांत भरून निघतात, म्हणजे वेगात चालवणाराच आधी पोहोचतो. तीच युनिट २५ किलोवॅटच्या चार्जरवर भरायला ७२ मिनिटे लागतात आणि सावकाश निघालेला पुढे जातो. चार्जर चांगले असतील तर गाडी नेहमीसारखी, वेगमर्यादा पाळून चालवावी. ते मंद असतील तर पायाला आवर घालावा.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरावी लागते. निघताना बॅटरी १०० टक्के भरलेली असते, पण वाटेत ती सहसा १० ते ८० टक्क्यांच्या दरम्यानच वापरली जाते. ७५ युनिटांची बॅटरी आणि शंभर किलोमीटरला २० युनिट खर्च धरला, तर पहिला टप्पा सुमारे ३३५ किमी.चा आणि पुढचा प्रत्येक टप्पा सुमारे २६० किमी.चा होतो. छापील रेंज ५०० च्या आसपास असलेल्या गाडीची महामार्गावरची अवस्था ही अशी असते. ८०० किमी.चा प्रवास दोन थांब्यांत होतो. चार्जर जलद असतील तर या दोन थांब्यांत मिळून तासाभराच्या आसपास वेळ जातो. ५० किलोवॅटचेच मिळाले तर तोच वेळ दोन तासांपलीकडे जातो. गाडी तीच, अंतर तेच.

चार्जिंगचा वेग : ८० टक्क्यांवर थांबण्याचा सल्ला सगळेच देतात, त्यामागे बॅटरीचे रसायन आहे. पोत्यात धान्य भरताना सुरुवातीला ते भराभर ओतता येते, पण तोंडाशी आल्यावर पोते हलवून, दाबून जागा करावी लागते. लिथियम-आयन बॅटरीचेही साधारण तसेच आहे. रिकाम्या बॅटरीत आयन (विद्युतभारित कण) झपाट्याने शिरतात. भरत आल्यावर विद्युतदाब मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून गाडीची संगणक प्रणाली प्रवाह कमी करत नेते. अनेक गाड्यांमध्ये ८० ते १०० टक्के या शेवटच्या पट्ट्याला १० ते ८० इतकाच किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून एकदाच बॅटरी काठोकाठ भरण्यापेक्षा दोनदा थोडी थोडी भरणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. पुढचा चार्जर फार लांब असेल तर मात्र थांबण्याला पर्याय नाही.

चार्जरवर लिहिलेली क्षमता आणि गाडीची क्षमता यांपैकी जी कमी, तिच्या मर्यादेतच वीज मिळते. ३५० किलोवॅटच्या चार्जरला १०० किलोवॅट घेणारी गाडी लावली तर १००च मिळणार. जास्त प्रवाह घ्यायचा तर केबल आणि तारा जाड लागतात व तापतात. त्यावर विद्युतदाब वाढवणे हा उपाय. २०१९ साली आलेल्या पोर्शे टायकानने ४०० ऐवजी ८०० व्होल्टची रचना आणली. २०२१ च्या ह्युंदाई आयोनिक ५ ने तीच रचना तुलनेने स्वस्त वर्गात आणली. योग्य चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत, असे कंपनी सांगते. मार्च २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीने १,००० किलोवॅटची प्रणाली जाहीर केली आणि ५ मिनिटांत ४०० किमी.चा दावा केला.

किलोवॅटचे आकडे ऐकून भुलण्याआधी गाडीची भूक पाहावी. १०० किलोवॅटच्या सरासरी दराने तासभर चार्ज केल्यास शंभर किलोमीटरला १६ युनिट खाणाऱ्या सडपातळ गाडीत ६२५ किमी.ची वीज शिरते, तर २५ युनिट खाणाऱ्या उंच, चौकोनी गाडीत ४०० किमी.ची. मोठी बॅटरी घातल्याने ही उधळपट्टी झाकली जाते, पण थांब्यावर ती उघडी पडतेच. २०२२ साली मर्सिडीझच्या व्हिजन ईक्यूएक्सएक्स या प्रायोगिक गाडीने जर्मनीतील झिंडेलफिंगेन ते फ्रान्समधील कासी हे हजारावर किलोमीटरचे अंतर एकाच चार्जिंगवर कापले. तिची बॅटरी १०० युनिटांहून किंचित लहानच होती. सारी करामत आकारात आणि काटकसरीत होती.

थंडी, उष्णता, घाट : थंडीचा मार दुहेरी असतो. आतली हवा गरम करायला पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. इथे ती बॅटरीतून काढावी लागते. साधा विद्युत हीटर ३ ते ५ किलोवॅट घेतो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारे यंत्र) असलेल्या गाडीत हा खर्च बराच कमी होतो. दुसरे म्हणजे थंड बॅटरी वेगाने चार्ज केली तर आयन आत शिरण्याऐवजी लिथियम धातूचा थर पृष्ठभागावर जमतो आणि बॅटरी कायमची बिघडते. ते टाळण्यासाठी गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग उतरवते. नव्या गाड्यांत गाडीच्याच नकाशावर चार्जर हे पोहोचण्याचे ठिकाण म्हणून निवडले की गाडी वाटेतच बॅटरी तापवायला घेते. हे माहीत नसल्याने चालक दुसऱ्याच नकाशावर रस्ता शोधतो आणि थांब्यावर दुप्पट वेळ बसून राहतो, असे सर्रास घडते. उष्णतेचाही त्रास आहेच. निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड करणारी यंत्रणा नव्हती. २०१८ च्या सुमारास लांबच्या प्रवासात तिचे एकाच दिवसातले दुसरे-तिसरे जलद चार्जिंग फार मंदावते अशा तक्रारी गाजल्या.

बर्फात वाहतूक खोळंबली तर विद्युत मोटारीतले लोक गारठतील, ही भीती मात्र अतिशयोक्त आहे. गाडी उभी असताना आतली ऊब टिकवायला साधारण २ किलोवॅट लागत असतील, तर ६० युनिटांची अर्धी भरलेली बॅटरी १५ तास पुरते.

चढावाचे गणित सोपे आहे. दोन टन वजनाची गाडी १,००० मी. उंच चढवायला साडेपाच युनिट जास्त लागतात. उतरताना चाके फिरवणारी मोटारच जनित्राचे काम करते आणि त्यातला मोठा वाटा परत मिळतो. डोंगरमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून मग घाट उतरू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज साठवायला जागाच नसते. टपावरचे सामान हवेचा अवरोध वाढवते, आणि मागे मोठा कॅरॅव्हॅन (चाकांवरचे घर) ओढायचा असेल तर पल्ला निम्म्यावर येऊ शकतो. शिवाय अनेक चार्जिंगच्या जागा पार्किंगसारख्या आखलेल्या असल्याने तिथे कॅरॅव्हॅन सोडवून ठेवावा लागतो. कॅरॅव्हॅन घेऊन फिरणाऱ्यांना आजची विद्युत मोटार सुचवणे धाडसाचे आहे.

चार्जरचे जाळे : १८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्था बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्‌सहाइमला मोटारीने गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. वाटेत वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन नावाचे द्रावक घेतले. इंधनाचे जाळे गाडीच्या मागून येते, हा अनुभव जुनाच आहे. विद्युत मोटारीच्या बाबतीत टेस्लाने २०१२ साली स्वतःचे जाळे उभारायला घेतले, आणि लांबच्या प्रवासासाठी तिच्या गाडीला जी पसंती मिळाली तिचे मोठे श्रेय गाडीपेक्षा या जाळ्याला जाते. इतर कंपन्यांनी गाड्या विकल्या आणि चार्जरचे काम दुसऱ्यांवर सोडले.

जोडणीच्या प्लगांतही एकवाक्यता नव्हती. जपानचा चाडेमो, युरोपचा सीसीएस, चीनचा जीबी/टी आणि टेस्लाचा स्वतःचा असे चार प्रकार झाले. युरोपात सीसीएस रुजला. उत्तर अमेरिकेत टेस्लाने २०२२ मध्ये आपला प्लग इतरांना खुला केल्यावर बहुतेक कंपन्या तिकडे वळल्या. युरोपीय संघाच्या २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार मुख्य महामार्गांवर दर ६० किमी.ला जलद चार्जिंगची सोय असावी लागते आणि नव्या जलद चार्जरवर बँकेच्या कार्डाने पैसे देता आले पाहिजेत. ही दुसरी अट किरकोळ वाटेल, पण प्रत्येक कंपनीचे वेगळे ॲप उतरवून, नाव नोंदवून, आगाऊ पैसे भरून मग चार्जिंग सुरू करण्याचा वैताग ज्याने सोसला आहे त्याला तिचे मोल विचारावे.

चार्जर नकाशावर असणे आणि चालू असणे यांत फरक आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरात ६५७ सार्वजनिक जलद चार्जरची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ७२.५ टक्केच चालू आढळले. कुठे पडदा बंद, कुठे पैसे स्वीकारले जात नाहीत, कुठे केबल पोहोचत नाही. त्यामुळे एकच चार्जर असलेल्या जागेच्या भरवशावर १० टक्के बॅटरी घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. चार-सहा चार्जर असलेली जागा गाठावी आणि तिच्या पुढची एक जागा हाताशी ठेवावी. सणासुदीच्या सुट्ट्यांत रांगा लागतात. काही ठिकाणी दोन गाड्या एकाच यंत्राची वीज वाटून घेतात आणि शेजारी गाडी लागताच आपला वेग निम्म्यावर येतो. चार्जिंग संपल्यावरही जागा अडवून ठेवणाऱ्यांना काही कंपन्या दंड लावतात, हे योग्यच आहे.

विरळ वस्तीच्या प्रदेशात वेगळेच उपाय निघतात. ऑस्ट्रेलियातील नलार्बर मैदान ओलांडणाऱ्या महामार्गावर कैगुना येथे वापरलेल्या खाद्यतेलावर चालणाऱ्या जनित्रातून गाड्या चार्ज करण्याची सोय झाली. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ पूर्णपणे विद्युत होत्या, आणि तिथले हिवाळे व अंतरे सौम्य म्हणावीत अशी नाहीत.

बॅटरी बदलून देण्याचा मार्गही आहे. बेटर प्लेस ही कंपनी इस्राएल व डेन्मार्कमध्ये तो राबवताना २०१३ साली दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये नियो ही कंपनी आज हे काम काही मिनिटांत करते, पण फक्त त्या रचनेच्या गाड्यांसाठी.

मुक्कामाची जागा : पंधरा मिनिटांचे चार्जिंग सात मिनिटांवर यावे म्हणून कंपन्या झगडतात, पण प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आणि बिनखर्ची वेळेचे चार्जिंग झोपेत होते. मुक्कामाच्या ठिकाणी साधा ७ किलोवॅटचा चार्जर असला तरी ७५ युनिटांची बॅटरी रात्रीत जवळपास भरते आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला थांबा वाचतो. खोली निवडताना न्याहारीआधी याची चौकशी करावी.

वीज संपलीच तर : गाडी बऱ्याच आधीपासून इशारे देते, मग ताकद कमी करते आणि शेवटी थांबते. अशा गाडीला दोर बांधून ओढू नये. चाके फिरली की मोटारही फिरते व वीज निर्माण होऊन बिघाड होऊ शकतो. तिला सपाट ट्रॉलीवर चढवूनच जवळच्या चार्जरपर्यंत न्यावे लागते.