प्राणिप्लवकांचे दैनंदिन उभे स्थलांतर

अंधार पडला की खोल समुद्रातून पृष्ठभागाकडे चरायला यायचे आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा काळोखात उतरायचे, हा प्राणिप्लवकांचा, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या समुद्रातल्या असंख्य बारीक प्राण्यांचा, रोजचा क्रम. कोपेपोड, क्रिल (दोन्ही कोळंबीच्या गोत्रातले छोटे जीव) आणि त्यांच्या मागोमाग येणारे छोटे मासे यांचे एकत्रित वजन धरले, तर पृथ्वीवर प्राण्यांची याहून मोठी हालचाल होत नाही. त्यातला कोपेपोड जेमतेम काही मिलिमीटर लांब असतो, तरी एका फेरीत शेकडो मीटर अंतर कापतो.

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ सोनारच्या, म्हणजे आवाज पाठवून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या गोष्टींचे अंतर मोजणाऱ्या यंत्राच्या, चाचण्या चालू असताना भर समुद्रात, खऱ्या तळाच्या बऱ्याच वर, तळासारखाच प्रतिध्वनी मिळू लागला. हा ‘तळ’ संध्याकाळी वर चढतो, म्हणजे तो सजीवांचा थर आहे, हे समुद्रजीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले.

प्राणिप्लवकांचे अन्न वरच्या उजेडातल्या थरात असते. पण त्याच उजेडात मासे त्यांना टिपतात. म्हणून दिवसा लपायचे आणि रात्री खायचे. सूर्य उगवतच नाही अशा आर्क्टिकच्या हिवाळ्यात हेच प्राणी चंद्र आकाशात पुन्हा त्याच जागी दिसायला लागणाऱ्या २४.८ तासांच्या लयीप्रमाणे वरखाली करतात. उजेडाचा धाक त्यांना किती आहे, याचा याहून बोलका पुरावा नाही.

अरबी समुद्रात ही फेरी फार कठीण होते. तिथे सुमारे १५० ते १,००० मीटर खोलीत ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. मान्सूनमध्ये वर भरपूर प्लवक वाढते, त्याचे अवशेष खाली कुजतात, आणि उत्तरेला जमीन असल्याने ताजे पाणी सहज पोहोचत नाही. बरेच प्राणिप्लवक या पट्ट्याच्या वरच थांबतात. पण प्लुरोमम्मासारखे काही कोपेपोड आणि अंगावर प्रकाशबिंदू असलेले लँटर्नफिश त्यात उतरतात, शरीरव्यापार मंद करून दिवस काढतात आणि रात्री वर येऊन श्वासाची तूट भरून काढतात. भक्षक मासा तिथे फार वेळ तग धरू शकत नाही, हीच त्यांची सुरक्षितता. ठरावीक खोलीवर तोंड मिटणारी जाळी सोडून असे नमुने गोळा करतात. १९६६ मध्ये स्थापन झालेली, गोव्यातल्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या समुद्राचा अभ्यास करत आली आहे.

रात्री वर खाल्लेल्या अन्नातला कार्बन हे प्राणी दिवसा खोल पाण्यात श्वासावाटे आणि विष्ठेवाटे सोडतात. नुसते बुडत जाणारे कण वाटेतच बरेचसे कुजतात. इथे मात्र कार्बन पोटातून थेट खाली जातो आणि तिथून हवेत परतायला त्याला अनेक दशके, कधी शतकेही लागतात.