होम थिएटर तंत्रज्ञांचे प्रशिक्षण

होम थिएटर तंत्रज्ञांचे प्रशिक्षण : घरातील चित्र, ध्वनी, नेटवर्क, प्रकाशयोजना, सरकते पडदे, कॅमेरे अशा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवणाऱ्या, त्या एकमेकींशी जोडणाऱ्या आणि पुढे त्यांची निगा राखणाऱ्या कारागिरांचे व्यावसायिक शिक्षण. नावात होम थिएटर असले, तरी आज अभ्यासक्रमाचा मोठा वाटा घरातल्या नेटवर्कनेच व्यापलेला असतो. भिंतीवर टीव्ही टांगणे किंवा स्पीकर स्टँडवर चढवणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग. अवघड भाग दोन : प्लास्टर होण्याआधी भिंतीत काय घालायचे हे ठरवणे, आणि सगळे बसून झाल्यावर ते नीट चालते की नाही हे कानाने नव्हे तर मापकाने ठरवणे. चांगले प्रशिक्षण या दोहोंवरच वेळ घालवते.

हा व्यवसाय दोन जुन्या व्यवसायांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहिला. वायरमनला वीज कळत होती, पण आवाज घुमतो का, चित्र पिवळट दिसते का, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते. टीव्ही-रेडिओ विकणाऱ्याला यंत्रे कळत होती, पण घराचे बांधकाम त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत मोठे पडदे आणि सभोवार ध्वनी घरात शिरले, तेव्हा दोन्ही येणारा माणूस लागू लागला. अमेरिकेत १९८९ मध्ये अशा कारागिरांनी आपली संघटना स्थापन केली. ‘कस्टम इलेक्ट्रॉनिक डिझाइन अँड इन्स्टॉलेशन असोसिएशन’ हे तिचे मूळ नाव, पण सगळीकडे ती ‘सीडिया’ म्हणूनच ओळखली जाते. प्रशिक्षण, परीक्षा आणि शिफारस केलेल्या कार्यपद्धती या तिन्ही बाबतींत घरगुती क्षेत्रात तिचेच नाव आधी घेतले जाते. तिच्या आधीपासून, म्हणजे १९३९ पासून, चालत आलेली आणि २०१७ मध्ये ‘एव्हिक्सा’ हे नाव घेतलेली संघटना मुख्यतः सभागृहे, कार्यालये, वर्गखोल्या यांच्या दृक्‌श्राव्य कामाकडे पाहते. घरगुती कामातले बरेच जण तिचीही परीक्षा देतात.

भिंत बंद होण्याआधी : या टप्प्याला कामावर ‘रफ-इन’ म्हणतात. शिकाऊ माणसाची उमेदवारी येथूनच सुरू होते : खाचा, पाइप, बॉक्स, केबल ओढणे आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना खुणेची पट्टी लावणे. पट्टी न लावलेल्या चाळीस सारख्याच निळ्या केबल रॅकच्या (सगळी यंत्रे एकत्र बसवायच्या चौकटीच्या) जागी लोंबताना ज्याने एकदा पाहिल्या, त्याला या सवयीचे महत्त्व पुन्हा सांगावे लागत नाही. विजेच्या वायरीपासून सिग्नलची केबल अंतरावर ठेवायची (अमेरिकेच्या विद्युत संहितेत हे अंतर साधारण ५० मिलिमीटर आहे), आणि दोघींना एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडायचे. जुन्या इमारतीत ड्रिल लावण्याआधी भिंतीत किंवा छतात ॲस्बेस्टॉस नाही ना, हे विचारायचे. आगीच्या वेळी धूर अडवणाऱ्या भिंतीला भोक पाडले, तर ते अग्निरोधक मसाल्याने बुजवायचे. हे धडे रंजक नसतात, परीक्षेत मात्र हमखास येतात.

नेटवर्क केबलबाबत आकडे पाठच असावे लागतात. चार जोड्यांची तांब्याची केबल ओढताना ताण ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलो वजनाच्या ओढीपेक्षा, जास्त नसावा. केबलचा बाक तिच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी त्रिज्येचा नसावा. जॅकवर बसवताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. पूर्ण मार्ग १०० मीटरचा धरतात. त्यातले ९० मीटर भिंतीतल्या कायमच्या केबलचे आणि उरलेले दोन्ही टोकांच्या जोडवायरींचे.

नवशिक्यांची नेहमीची एक चूक येथे जवळून पाहण्यासारखी आहे. नेटवर्कच्या प्लगमध्ये आठ पिना असतात आणि जोड्यांची मांडणी १-२, ३-६, ४-५ व ७-८ अशी असते. म्हणजे तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर एकाच जोडीच्या दोन तारा यायला हव्यात. नवखा माणूस हे सरळ करून टाकतो : १-२, ३-४, ५-६, ७-८, आणि दुसऱ्या टोकालाही अगदी तसेच. आता स्वस्तातला दिव्यांचा टेस्टर लावला, तर आठही दिवे क्रमाने लागतात, कारण प्रत्येक पिनेपासून समोरच्या पिनेपर्यंत तार अखंड आहे. पण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या तारा आता दोन वेगळ्या जोड्यांमधल्या आहेत. त्यांच्यात पीळ नाही, आणि पीळ नसला की शेजारच्या जोडीचा सिग्नल त्यांत झिरपतो. नेटवर्क कधी चालते, कधी अडखळते, आणि घरमालक राउटर बदलत बसतो. हा दोष पकडायला जोड्यांमधली गळती मोजणारे उपकरण लागते. म्हणून चांगल्या वर्गात अशी चुकीची केबल मुद्दाम बनवून प्रत्येकाच्या हातात देतात.

स्पीकरच्या वायरीचा हिशेबही असाच हाताने करून घेतात. सर्वमान्य अंदाज असा की वायरीचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असावा. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम येते. अँप्लिफायरपासून स्पीकर २० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तांबे ४० मीटर. दीड चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध ०.४६ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे थोडक्यात नापास. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.२८ ओहम, म्हणजे काम झाले. वायर महाग असली की आवाज गोड होतो या समजुतीवर वर्गात वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही, एवढा हिशेब पुरतो.

चित्र आणि ध्वनी एकत्र नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे शिक्षण बहुतेकांचे नुकसान झाल्यावर होते. तिचे १९ पिनांचे टोक कारखान्यातच लागलेले असते. नेटवर्कच्या केबलसारखी ती जागेवर कापून नवे टोक लावण्याची सोय व्यवहारात नाही. पहिले मानक डिसेंबर २००२ मधले. २०१७ च्या २.१ आवृत्तीत वेग सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत गेला, आणि त्या वेगाला साधी तांब्याची केबल जेमतेम काही मीटर टिकते. लांबच्या प्रोजेक्टरसाठी मग आत काचतंतू असलेली केबल घालतात. तिला दिशा असते : एक टोक चित्र पाठवणाऱ्या यंत्राचे, दुसरे पडद्याचे, म्हणजे टीव्हीचे किंवा प्रोजेक्टरचे. उलटी ओढली की चित्रच नाही. म्हणून नियम असा की केबल आधी जमिनीवर दोन्ही यंत्रांना लावून चालवून पाहायची, मग ओढायची. आणि शक्यतो रिकाम्या पाइपातून ओढायची, म्हणजे पाच वर्षांनी ती बदलता येते. तरीही चित्र येत नसेल, तर दोष बऱ्याचदा तारेत नसतो. पडदा आपली क्षमता यंत्राला कळवतो आणि दोघे नकलेविरुद्धच्या कुलपाची किल्ली तपासून पाहतात. हा संवाद मध्येच तुटतो. अशा वेळी मधली यंत्रे एकेक करून काढत जाणे, हीच शिकवण.

खोली वाचणे : येथे प्रशिक्षणाचा सूर बदलतो, कारागिरी मागे पडून भौतिकी पुढे येते. पाच मीटर लांबीची खोली घ्या. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने, म्हणजे १० ने भागले की ३४ हर्ट्‌झ मिळतात. हा त्या लांबीचा सर्वांत खालचा अनुनाद. या सुरावर समोरच्या आणि मागच्या भिंतीपाशी दाब सर्वाधिक असतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे सोफा खोलीच्या मधोमध ठेवला तर तो खर्ज ऐकूच येत नाही, आणि मागच्या भिंतीला टेकवला तर तोच खर्ज घुमतो. सबवूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा, आवाज वाढवून मध्यावरचा खड्डा भरत नाही, कारण तेथे लाटाच एकमेकींना खोडतात. सोफा किंवा सबवूफर हलवायला हवा. ग्राहकाला सोफा हलवायला सांगणे हेही एक कौशल्य आहे; अभ्यासक्रमात त्याला ‘ग्राहकसंवाद’ असे सौम्य नाव असते.

स्पीकरच्या जागांसाठी पाया म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस.७७५ ही शिफारस शिकवतात : समोरचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर, बाजूचे १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. छतावरच्या स्पीकरांचा विषय डॉल्बी ॲटमॉस ही वरूनही आवाज देणारी ध्वनिपद्धती चित्रपटगृहांतून (२०१२) घरात आल्यावर (२०१४) सुरू झाला, आणि तेव्हापासून फॉल्स सीलिंग करणाऱ्याशी आधीच बोलणे हा कामाचाच भाग झाला. सीडियाने २०२३ मध्ये आरपी २२ ही ध्वनिरचनेची शिफारस-पद्धती आणली. तिच्यात खोलीची गुणवत्ता चार पातळ्यांवर मोजतात. त्यामुळे ‘मस्त वाजते’ याऐवजी आकड्यांत बोलता येते.

पडद्याचे गणित त्यामानाने सरळ. अडीच मीटर रुंद पडदा ३० अंशांच्या कोनात दिसावा असे वाटत असेल, तर बसायचे अंतर साधारण ४.७ मीटर, चित्रपटगृहासारखा भरगच्च, ४० अंशांचा अनुभव हवा असेल, तर ३.४ मीटर.

मोजमाप आणि जुळवणी : शेवटच्या टप्प्यात मायक्रोफोन आणि रंगमापक हातात येतात. बसण्याच्या जागेपासून एखादा स्पीकर इतरांहून एक मीटर जवळ असेल, तर त्याचा आवाज सुमारे २.९ मिलिसेकंद आधी पोहोचतो; तेवढाच त्याला उशीर द्यायचा. चाचणीचा खरखराट सोडून प्रत्येक स्पीकर एकाच पातळीवर आणायचा; घरगुती यंत्रांत ७५ डेसिबल हा नेहमीचा आकडा. आपोआप जुळवणी करणारी यंत्रे आता रिसीव्हरमध्येच असतात, पण त्यांच्या निकालावर किती विसंबायचे हे कळायला हाताने जुळवणी येत असावी लागते. चित्रात पांढऱ्याचा संदर्भ डी६५, म्हणजे साधारण ६,५०० केल्व्हिन. दुकानात उठून दिसावा म्हणून टीव्ही निळसर आणि अतिप्रखर करून ठेवलेला असतो, तो आधी शांत करावा लागतो. योग्य रंग पहिल्या दिवशी ग्राहकाला पिवळट वाटतो आणि तो तक्रार करतो. आठवड्याने त्याला शेजाऱ्याचा टीव्ही निळा दिसू लागतो. या विषयात १९९४ मध्ये स्थापन झालेल्या इमेजिंग सायन्स फाउंडेशनचे वर्ग जुने आणि नावाजलेले आहेत.

नेटवर्क आणि विश्वास : संगीत मध्येच थांबते, दाराची घंटा मोबाइलवर वाजत नाही, अशा तक्रारींचे मूळ बहुधा वाय-फायमध्ये असते. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच (१, ६ आणि ११), आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्यांवरच. आरसे, पाण्याच्या टाक्या आणि भिंतीतली लोखंडी जाळी लहरी अडवतात. म्हणून जे हलत नाही ते तारेने जोडायचे, हा धडा पहिल्याच तासाला मिळतो. दुसरी बाजू सचोटीची. काम संपल्यावर तंत्रज्ञाकडे घराचे पासवर्ड, कॅमेऱ्यांची दृश्ये, दाराच्या कुलपांचे कोड असतात. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणे, दुरून प्रवेशाची वाट मालकाच्या संमतीनेच उघडी ठेवणे आणि कामाचे नकाशे मालकाच्या हवाली करणे, या गोष्टी शिकवाव्या लागतात. माझ्या मते या भागाला बहुतेक अभ्यासक्रम फार थोडे तास देतात.

परीक्षा आणि परवाने : प्रमाणपत्रे तीन प्रकारची. पहिली व्यवसाय-संघटनांची : सीडियाची केबलिंगपुरती प्राथमिक पातळी ‘सीआयटी’ आणि तिच्या वरची, एकत्रित यंत्रणांची ‘आयएसटी’, एव्हिक्साची ‘सीटीएस’. व्यक्तींना प्रमाणित करण्याच्या आयएसओ/आयईसी १७०२४ या मानकाचा येथे आधार घेतात; शिकवणारा आणि तपासणारा यांच्यात भिंत असावी, हे त्याचे मुख्य तत्त्व. दुसरी प्रमाणपत्रे उत्पादकांची. क्रेस्ट्रॉन, ल्यूट्रॉन, कंट्रोल४ अशा कंपन्या आपापल्या प्रणालींचे वर्ग घेतात, आणि काहींचे प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर प्रशिक्षित विक्रेत्यालाच मिळते. हे वर्ग उपयोगी असतात, पण ते एकाच कंपनीची पेटी शिकवतात, खोली शिकवत नाहीत. केवळ त्यांवर तयार झालेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या रॅकसमोर गोंधळतो. घरातल्या उपकरणांच्या नियंत्रणाचे केएनएक्स हे खुले मानक याला अपवाद : देशोदेशीच्या मान्यताप्राप्त केंद्रांत एकच मूलभूत अभ्यासक्रम चालतो आणि तो शिकलेला कोणत्याही उत्पादकाची केएनएक्स उपकरणे जोडू शकतो. तिसरा प्रकार सरकारी परवान्यांचा, आणि तो जागोजागी बदलतो. कॅलिफोर्नियात ९१ व्होल्टपर्यंतच्या यंत्रणांच्या ठेकेदाराला ‘सी-७’ परवाना लागतो व त्यासाठी चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. इतर अनेक ठिकाणी असा वेगळा परवानाच नाही.

प्रमाणपत्रे कायमची नसतात. सीटीएस दर तीन वर्षांनी नव्या शिक्षणाचे ३० गुण जमवून नूतनीकरण करून घ्यावे लागते. माहिती-तंत्रज्ञानाच्या परीक्षा घेणाऱ्या कॉम्पटिया संघटनेची या क्षेत्रातली ‘डीएचटीआय प्लस’ परीक्षा तर बंदच झाली. पिवळ्या-लाल-पांढऱ्या प्लगांचे धडे पुस्तकांच्या मागच्या पानांवर गेले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट उपकरणे एकमेकांशी जोडणाऱ्या, ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकाचे पुढे आले. स्पीकरच्या वायरीचे ५ टक्क्यांचे गणित आहे तेथेच आहे.