विज्ञानकथा (मराठी, विसावं शतक)

विज्ञानकथा म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीतच असतं, त्यामुळे व्याख्येत वेळ घालवत नाही. ठाण्यातल्या वाचकाला फक्त एक सांगतो, आपल्याकडच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत हा कप्पा शोधायला गेलात तर पुस्तकं बहुतेक रहस्य-गूढच्या कपाटात मिळतील, भयकथाकार नारायण धारपांच्या बाजूला. लायब्ररीवाल्याची यात फार चूक नाही, कारण मराठीत हा प्रकार वाढला तोच मुळी रहस्यकथांच्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत.

पहिली विज्ञानकथा कोणाची यावर मात्र बरीच ओढाताण आहे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला 'केरळ कोकिळ' मासिकात फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं भाषांतर क्रमशः येत होतं. हे मासिक कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ मध्ये थेट कोचीनला सुरू केलेलं, म्हणजे मराठी माणूस चंद्राकडे निघाला तो व्हाया केरळ! पण भाषांतराला 'पहिली मराठी' म्हणायचं का, हा प्रश्न उरतोच. काही जण कादंबरीकार नाथमाधवांच्या 'श्रीनिवासराव'कडे बोट दाखवतात. बहुतेकांचं मत पडतं श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य'ला, साल कुठे १९११ तर कुठे १९१५ दिलेलं असतं, तेव्हा १९१० चं दशक म्हणणं सेफ. स्वतंत्र कथा हा निकष धरला तर रानडेच बरोबर वाटतात. गंमत म्हणजे हे रानडे पुढे रविकिरण मंडळ या कवींच्या गटातले कवी म्हणून ओळखले गेले.

मधल्या काळात भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांपर्यंत पोचवला. संपादकांत मोठं नाव अनंत अंतरकरांचं, १९४६ मध्ये 'हंस' मासिक काढलं, मग 'मोहिनी' आणि 'नवल', आणि या 'नवल'मध्ये गूढ, साहस, विज्ञान सगळं एका पंगतीला बसायचं. १९६१ पासून 'धनंजय' दिवाळी अंक आला, त्यानेही तीच वाट धरली.

खरं वळण आलं ते मराठी विज्ञान परिषदेमुळे. परिषद १९६६ ची, १९७० पासून तिने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली, लेखक नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरं उलटी वाचा, ज. वि. ना. म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) होते, नावाचा दबाव परीक्षकांवर नको म्हणून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. नंतर मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना 'किर्लोस्कर' मासिकासाठी लिहितं केलं आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा संग्रह मौजेने काढला. मौजेसारख्या नावाजलेल्या साहित्यिक प्रकाशनाने विज्ञानकथा काढली, म्हणजे नाक मुरडणाऱ्या समीक्षकांनाही दखल घेणं भाग पडलं, असं माझं तरी मत आहे.

त्यानंतरची पिढी नोकरी सांभाळून लिहिणारी. बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले, म्हणजे वाशीकरांना खाडीपलीकडे दिसतं त्या ट्रॉम्बेचे. लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे ही नावं आठवतातच, शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' आणि अरुण साधूंची 'विप्लवा' विसरू नयेत. फोंडक्यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचं इंग्रजी संकलन केलं, त्यात लोंढ्यांचा 'दुसरा आइन्स्टाईन' आहे.

बऱ्याच कथा पुस्तकात आल्याच नाहीत, दिवाळी अंकातच राहिल्या, आणि दिवाळी अंक म्हणजे दोन-चार महिने घरोघर फिरून शेवटी रद्दीत. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, अशा जुन्या ठिकाणी बाइंड केलेले अंक असतात म्हणून थोडं तरी हाताला लागतं. मी ठाण्यातच एका लायब्ररीत चाळलेल्या गठ्ठ्यात पिनांचा गंज पानांत उतरलेला, अनुक्रमणिका अर्धी फाटलेली, आणि एका विज्ञानकथेवर कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'भूत शेवटपर्यंत येत नाही'.