एका चिमणीपुरती मर्यादा : कारखान्यांच्या धुरासाठी जागेनुसार मानकं कशी आली

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कुठलंही संमतीपत्र, म्हणजे कारखाना चालवण्याची परवानगी, उघडा. त्याच्या परिशिष्टात हवेच्या अटींचा एक तक्ता असतो. चिमणी क्रमांक, ती कशाला जोडली आहे, नियंत्रण यंत्रणा कोणती, उंची किती मीटर, इंधन कोणतं, दिवसाला किती, त्यात गंधक किती टक्के आणि सल्फर डायऑक्साइड दिवसाला किती किलो. कारखान्याला हवेत काय आणि किती सोडायची मुभा आहे, ते या एका ओळीत ठरतं. बहुतेक कारखानदार हा तक्ता सल्लागारावर सोपवून मोकळे होतात आणि शेजारच्या गावातल्या माणसाला तो मागून घेता येतो हेच माहीत नसतं. या ओळीमागे दीडशे वर्षांचा एक वाद आहे : मर्यादा सगळीकडे सारखी असावी, की जागा पाहून ठरवावी?

वादाची सुरुवात इंग्लंडातली. धुण्याचा सोडा बनवणाऱ्या कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटे आणि आजूबाजूची झाडं जळत. १८६३च्या अल्कली कायद्याने सांगितलं की ९५ टक्के वायू पाण्यात शोषून घ्या. अकरा वर्षांतच ही अट अपुरी पडली. उरलेले पाच टक्के लहान कारखान्यात थोडे असतात, मोठ्यात खूप; आणि एकाच खोऱ्यात असे बरेच कारखाने लागोपाठ उभे राहिले, तर प्रत्येक जण कायदा पाळूनही झाडं जळतच राहतात. म्हणून १८७४ साली दर घनफूट धुरात ०.२ ग्रेन ही मर्यादा आली, म्हणजे आजच्या मापात घनमीटरला सुमारे ४६० मिलिग्रॅम. तिच्या जोडीला ‘व्यवहारात शक्य तेवढे सर्वोत्तम उपाय’ करण्याचं बंधन आलं. आकडा सगळ्यांना एक, पण उपाय कारखाना पाहून : ही जोडी पुढे इतर देशांच्या कायद्यांतही उतरली.

मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ साली स्वतंत्र कायदा झाला. त्या काळी धूर डोळ्यांनी जोखत. रिंगेलमानच्या तक्त्यावर करड्या रंगाच्या छटा असत, प्रत्येक पायरी २० टक्के अधिक काळी. चिमणीकडे पाहायचं आणि छटा जुळवायची. डोळ्याला न दिसणारा सल्फर डायऑक्साइड त्यात कुठेच नव्हता.

आजच्या पद्धतीचा पाया म्हणजे १९८१चा हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा. तो १६ मे १९८१ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १७ मध्ये राज्य मंडळाला उत्सर्जनाची मानकं ठरवण्याचा अधिकार आहे आणि त्याच कलमात एक परंतुक आहे : उत्सर्जनाचं प्रमाण आणि घटक पाहून वेगवेगळ्या कारखान्यांना वेगवेगळी मानकं लावता येतील. कलम २१ खाली संमती द्यायची की नाही, हे मंडळाने चार महिन्यांत ठरवायचं. संमती देताना यंत्रणेची वैशिष्ट्यं आणि चिमणी यांच्या अटी घालायच्या. तंत्रज्ञान सुधारलं, तर कारखान्याची बाजू ऐकून त्या अटी बदलताही येतात. अट मान्य नसेल, तर कलम ३१ नुसार तीस दिवसांत अपील.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आणि त्याचे नियम आले. स्थानिक मर्यादेचा खरा आधार त्यातला नियम ३ चा पोटनियम २ आहे. त्याचा आशय असा : धूर ज्या हवेत मिसळणार तिची स्थिती पाहून, आणि कारणं लेखी नोंदवून, मंडळ नियमांच्या अनुसूचीतल्या, म्हणजे देशभरासाठी दिलेल्या, मानकापेक्षा अधिक कडक मानक लावू शकतं. अधिक कडकच, सैल करण्याची मुभा हा पोटनियम देत नाही. ‘कारणं लेखी नोंदवून’ हे शब्द तितकेच महत्त्वाचे. कारण न लिहिता कडक अट घातली, तर ती अपिलात टिकवणं कठीण होतं. आणि कारण लिहायचं, तर त्या जागेच्या हवेची मोजमापं हाताशी असावी लागतात. ती नसतात, म्हणून अधिकार असूनही बहुतेक संमतीपत्रांत अनुसूचीतला आकडाच जसाच्या तसा उतरतो. धूलिकणांसाठी घनमीटरला १५० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा किती संमतीपत्रांत वाचायला मिळते, ते पाहिलं की हे लक्षात येतं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक कारखान्यागणिक वेगळी काढावीच लागते : चिमणीची उंची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ऐंशीच्या दशकात सूत्र दिलं. सल्फर डायऑक्साइड तासाला जितके किलो, त्या आकड्याचा ०.३ घात काढायचा आणि १४ ने गुणायचं. उत्तर मीटरमध्ये येतं आणि ३० मीटरपेक्षा कमी चालत नाही. धूलिकणांसाठी वेगळं सूत्र : तासाला टनांत प्रमाण घ्यायचं, ०.२७ घात, गुणिले ७४. दोन्हींपैकी जास्त येईल ती उंची धरायची.

एक बॉयलर घेऊ. दिवसाला ५,००० किलो फर्नेस ऑइल, गंधक ३.५ टक्के. म्हणजे १७५ किलो गंधक. जळताना एक किलो गंधकाचा दोन किलो सल्फर डायऑक्साइड होतो, म्हणून दिवसाला ३५० किलो. चोवीस तासांनी भागलं की तासाला १४.६ किलो आणि उंची ३१ मीटरच्या थोडी वर. पण बॉयलर बारा तासच चालत असेल, तर तासाचा आकडा २९.२ किलो होतो आणि उंची साडेअडतीस मीटरवर जाते. अर्जांत चूक होते ती नेमकी इथे. दिवसाचा आकडा डोळे झाकून २४ ने भागला जातो आणि चिमणी सात मीटरने आखूड उभी राहते. एकदा बांधलेली चिमणी वाढवायची म्हणजे पाया आणि वाऱ्याचा भार पुन्हा तपासणं आलं, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. डिझेल जनरेटरचं गणित सोपं आहे. जनरेटरच्या क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या आकड्याच्या, वर्गमुळाचा पाचवा हिस्सा इमारतीच्या उंचीत मिळवायचा : ४०० केव्हीएच्या जनरेटरचा पाइप छपराच्या वर चार मीटर.

सल्फर डायऑक्साइडच्या सूत्राला डोंगर, दरी, हिवाळ्यात जमिनीलगत साचून राहणारी थंड हवा यांपैकी काहीच दिसत नाही. तासाला १०० किलोचे २०० किलो झाले, तर उंची ५६ मीटरवरून ६९ मीटरच होते. दुप्पट विषाला जेमतेम चौथाई जादा उंची. उंच चिमणी जमिनीलगतची तीव्रता कमी करते, एकूण वायू एक किलोनेही घटवत नाही. त्यासाठी दिवसाचा किलोंचा भार बांधून द्यावा लागतो आणि तोच संमतीपत्रातला सगळ्यात दुर्लक्षित रकाना आहे.

जागा पाहून मर्यादा ठरली आणि ती शेवटपर्यंत टिकली, याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण डहाणूचं. चिकूच्या वाड्यांच्या या तालुक्यात समुद्राकाठी औष्णिक वीजकेंद्राचे २५० मेगावॉटचे दोन संच उभे राहायचे होते. १९८९ च्या पर्यावरण मंजुरीतच धुरातला सल्फर डायऑक्साइड काढण्याची यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्याची अट होती. देशाच्या मानकांत तेव्हा औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादाच नव्हती, होती ती फक्त चिमणीची उंची. म्हणजे ही अट निव्वळ जागेमुळे आली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली न्यायालयाने प्रकल्पाला हरकत घेतली नाही, पण पूर्ण विचार केल्याशिवाय ही अट शिथिल करू नये असं बजावलं. त्याच वर्षी २० जूनला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला : उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. संच नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. एफजीडी नव्हती. उंच चिमणी होती, कोळशात गंधक कमी होतं, आणि तेवढं पुरेसं आहे असा युक्तिवाद होता.

१९९६ च्या डिसेंबरात न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९९ साली प्राधिकरणाने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला, त्यालाही आव्हान दिलं गेलं, आणि यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली ती २००७ साली. अट लिहिल्यापासून अठरा वर्षांनी. यंत्रणा समुद्राच्या पाण्यावर चालते. पाण्यात मुळातच असलेले बायकार्बोनेट आम्लवायू शोषून घेतात, मग त्या पाण्यात हवा फुंकून सल्फाइटचं सल्फेट करतात आणि पाणी परत सोडतात. चुनखडी लागत नाही, जिप्समचे ढीग साठत नाहीत. ज्या किनाऱ्यामुळे अट आली, त्याच किनाऱ्याने उपायही दिला. स्थानिक मर्यादेचा हा फायदा सरसकट आकड्यात कधी दिसत नाही. पण डहाणूला अट टिकली ती स्थानिक लोक आणि त्या एका तालुक्यासाठी बसलेलं प्राधिकरण मागे लागले म्हणून. ज्या तालुक्याला असं प्राधिकरण नाही, तिथे अशा अटीचा पाठपुरावा कोण करणार?

ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यातही हाच मार्ग घेतला गेला. सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या या टापूतल्या २९२ उद्योगांनी कोळसा-कोक सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाहीतर टापूबाहेर जावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिला. इथे मिलिग्रॅमचा प्रश्नच ठेवला नाही, इंधनच बदललं.

सभोवतालच्या हवेच्या मानकांतही जागेचा विचार होता, पण उलट्या दिशेने. १९९४ च्या मानकांत औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील असे तीन भाग होते. हवेत तरंगणाऱ्या एकूण कणांची वार्षिक मर्यादा निवासी भागात घनमीटरला १४० मायक्रोग्रॅम, तर औद्योगिक भागात ३६०. डोंबिवलीसारख्या गावात एमआयडीसीची भिंत संपते तिथे चाळ सुरू होते. भिंतीच्या एका बाजूच्या फुप्फुसांना अडीचपट धूळ चालेल, या म्हणण्याला काही अर्थ नव्हता. २००९ साली औद्योगिक आणि निवासी हा भेद गेला आणि फक्त संवेदनशील भाग वेगळा राहिला. हवा मानकांच्या इतिहासातली ही फार चांगली दुरुस्ती. त्याच वर्षी ८८ औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला गेला. ७० च्या वर गेलेले ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरले. त्यांत महाराष्ट्रातले पाच होते : चंद्रपूर (८३.८८), डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबल्या. पट्ट्याची एकूण सहनशक्ती संपली, तर पुढच्या अर्जाला जागा नाही, हे तत्त्व पहिल्यांदा एवढ्या ठळकपणे आकड्यावर उभं राहिलं.

मर्यादा कितीही विचारपूर्वक ठरवली, तरी ती मोजमापावर येऊन अडते. नमुना घ्यायचं भोक, पोर्टहोल, वळण किंवा जोड संपल्यावर चिमणीच्या व्यासाच्या आठपट अंतरावर आणि पुढच्या अडथळ्याच्या दोन व्यास अलीकडे हवं. नाहीतर धूर गरगरत असतो आणि आकडा फसवा येतो. नळीच्या तोंडाशी शोषणाचा वेग धुराच्या वेगाइतकाच असावा लागतो. शोषण जास्त वेगाने झालं, तर जड कण वळणावर निसटतात आणि आकडा कमी दिसतो. बॉयलरचे आकडे १२ टक्के कार्बन डायऑक्साइडला दुरुस्त करायचे असतात. अहवालात धूलिकण घनमीटरला ४०० मिलिग्रॅम आहेत, कार्बन डायऑक्साइड ६ टक्के, तर खरा आकडा ८०० : धुरात तेवढी जादा हवा मिसळलेली होती. ताशी पाच टन वाफेच्या बॉयलरची मर्यादा ८०० च आहे, म्हणजे ४०० पाहून निश्चिंत झालेला कारखाना प्रत्यक्षात काठावर उभा आहे. अहवालात कार्बन डायऑक्साइडचा रकाना कोरा असेल, तर तो अहवाल परत करावा. शिवाय कलम २६ नुसार कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्या समोर नमुना घेऊन सीलबंद केला नाही, तर त्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कित्येक तक्रारी इथेच ढासळतात.

७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची देशव्यापी मर्यादा आली : जुन्या संचांत ५०० मेगावॉटखालच्यांना घनमीटरला ६०० मिलिग्रॅम, त्यावरच्यांना २००. दोन वर्षांची मुदत होती, ती वाढत गेली. २०२१ साली जागा पुन्हा आत आली. दिल्ली राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं ‘अ’ गटात, अतिप्रदूषित पट्टा किंवा हवेची मानकं न गाठणारं शहर तेवढ्याच अंतरात असेल तर ‘ब’, बाकीची ‘क’. सुरुवातीला फरक मुदतीचाच होता. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तो मर्यादेचाच केला : ‘अ’ गटाला २०२७ अखेरची मुदत, ‘ब’ गटाचा निर्णय एकेका केंद्राचा स्वतंत्र, आणि चिमणीच्या उंचीचा निकष पूर्ण करणाऱ्या ‘क’ गटाला सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट.

म्हणजे १९८६ च्या पोटनियमात जागा हे मर्यादा कडक करण्याचं कारण होतं, आणि २०२५ मध्ये ते सूट देण्याचं कारण झालं. १० किलोमीटरचं वर्तुळ सल्फर डायऑक्साइडला ओळखत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. उंच चिमणीने तर ते अधिकच दूर जातात. ‘ब’ गटातल्या प्रत्येक केंद्राचा निर्णय आता तज्ज्ञ मूल्यांकन समितीपुढे होणार आहे. चंद्रपूरसारख्या पट्ट्यातल्या नागरिकांनी त्या निर्णयाची लेखी कारणं आणि त्यामागची हवेची मोजमापं मागायला हवीत, आणि त्यासोबत संमतीपत्रातली ती एक ओळही : चिमणी, इंधन, गंधक, दिवसाचे किलो.