वाढीचा संदेश आणि कर्करोग : कायनेजच्या शोधामागचा इतिहास

१९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या सार्कोमाच्या (स्नायू-हाडांसारख्या ऊतींच्या कर्करोगाच्या) गाठीचा अर्क काढला. पेशी अडकून राहतील इतक्या बारीक गाळणीतून तो गाळला आणि दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशाच गाठी आल्या. गाळणीतून पलीकडे गेला होता एक विषाणू. पक्ष्यांपुरती गोष्ट म्हणून या कामाकडे फार काळ कुणी गांभीर्याने पाहिले नाही. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये, तब्बल ५५ वर्षांनी.

वाढीच्या घटकांचा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांचा, शोध याच्याशी काही संबंध नसलेल्या प्रश्नातून निघाला. मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठ बंद झालेल्या रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी तुरीनमधल्या घरातच कोंबडीच्या भ्रूणांवर काम चालू ठेवले होते. पुढे अमेरिकेत सेंट लुईसला असताना त्यांना दिसले, की उंदराच्या गाठीचा तुकडा भ्रूणाला जोडला तर चेतातंतू भराभर वाढतात. गाठीतून काहीतरी पाझरत होते. ते वेगळे काढण्याच्या खटपटीत स्टॅन्ले कोहेन उंदराच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचले. तिचा अर्क नवजात पिलांना दिल्यावर त्यांचे डोळे वेळेच्या बरेच आधी उघडले! कोहेन यांनी हा परिणाम बाजूला सारला नाही, हे मला त्यांचे खरे मोठेपण वाटते. त्यातून त्वचेसारख्या आवरणपेशींना वाढवणारा घटक, ईजीएफ, हाती आला. या दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले.

एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना तर स्नायू साखर कशी वापरतात एवढेच शोधायचे होते. १९५५ मध्ये त्यांनी दाखवले, की एटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूकडून फॉस्फेट घेऊन ते प्रथिनाला जोडले की प्रथिन कामाला लागते आणि काढले की थांबते. फॉस्फेट जोडणारे विकर म्हणजे कायनेज.

या वाटा १९७६ नंतर झपाट्याने एकत्र आल्या. त्या वर्षी मायकेल बिशप आणि हॅरल्ड व्हार्मस यांच्या गटाने सिद्ध केले, की राउस यांच्या विषाणूतले गाठ घडवणारे ‘सार्क’ हे जनुक मुळात निरोगी पक्ष्यांच्याच पेशींतले आहे. विषाणूने ते उचललेले होते. १९७८ मध्ये रे एरिकसन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की या जनुकाचे प्रथिन कायनेज आहे. तोवर फॉस्फेट सेरीन आणि थ्रिओनीन या अमिनो आम्लांवरच बसते असा समज होता. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॉल्क संस्थेत टोनी हंटर यांनी फॉस्फेट बसलेली अमिनो आम्ले ठिपक्यांच्या रूपात वेगळी करताना ताजे न बनवता जुनेच द्रावण वापरले. त्याची आम्लता किंचित बदललेली असल्याने थ्रिओनीनच्या ठिपक्याशेजारी आणखी एक ठिपका वेगळा झाला. तो टायरोसिन या तिसऱ्या अमिनो आम्लाचा होता. निरोगी पेशीत असे फॉस्फेट हजारात एकापेक्षाही कमी असते. राउस विषाणूने बदललेल्या पेशीत ते दहापटीच्या आसपास वाढते. पुढच्याच वर्षी कळले, की ईजीएफचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे पेशीवरचे प्रथिन, हेही टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारे कायनेजच आहे.

मग १९८३ मध्ये माकडाच्या एका गाठविषाणूचे जनुक आणि रक्तबिंबिकांतला वाढघटक यांच्या रचना जुळल्या. १९८४ मध्ये आणखी एका कर्कजनुकात ईजीएफच्या रिसेप्टरचाच छाटलेला अवतार निघाला. संदेश पकडणारा बाहेरचा भाग जवळजवळ गायब, आतला कायनेज शाबूत. दारात कोणी नसताना घंटा वाजतच राहावी, तशी त्या पेशीची गत होते.

कर्करोग बळावतो कसा, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. निरोगी पेशीत वाढघटक आला की दोन रिसेप्टर जवळ येतात, एकमेकांवर फॉस्फेट बसवतात, आणि आत रास, राफ, मेक, ईआरके अशी प्रथिनांची साखळी केंद्रकापर्यंत हुकूम पोहोचवते. पीआय३के आणि एकेटी यांची दुसरी साखळी पेशीला मरणापासून वाचवते. घटक संपला की सगळे शांत होते. कर्करोगात यातली कुठलीही कडी बिघडू शकते : पेशी स्वतःच घटक बनवू लागते, हर-२ सारखे रिसेप्टर भरमसाट होतात, बीराफ हे कायनेज कायमचे चालू राहते, किंवा पीटेन हा अंकुश नाहीसा होतो. या संदेशांमुळे पेशी शेजारणींपासून सुटून सरकूही लागतात. व्हीईजीएफ हा घटक गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतो.

औषधांतला पहिला मोठा विजय एका जुन्या निरीक्षणावर उभा राहिला. रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगात १९६० मध्ये फिलाडेल्फियात एक छोटे विकृत गुणसूत्र दिसले होते. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवले, की ९ आणि २२ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ते बनते. त्या सांध्यावर तयार होणारे बीसीआर-एबीएल हे बेलगाम कायनेज आहे. ते रोखणाऱ्या इमॅटिनिबला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत हे औषध सुरू केलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते.

इतके सरळ यश पुन्हा क्वचितच मिळाले, कारण बहुतेक घट्ट गाठी एकाच कायनेजवर जगत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफ रिसेप्टर रोखणारी औषधे सुरुवातीला उत्तम चालतात, मग बऱ्याचदा त्याच रिसेप्टरमध्ये टी७९०एम हा नवा बदल होऊन ती निष्प्रभ होतात; त्यावर २०१५ मध्ये ओसिमर्टिनिब आले. बीराफची कहाणी मला याहून बोलकी वाटते. त्याचा एकच बदल मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सापडतो. बीराफ रोखल्यावर मेलॅनोमा आक्रसतो. आतड्याची गाठ मात्र फारशी दाद देत नाही. बीराफ थांबले की तिच्या पेशींतला ईजीएफ रिसेप्टर चेकाळतो आणि संदेश दुसऱ्या वाटेने आत जातो. म्हणूनच २०२० पासून अमेरिकेत, आधी उपचार झालेल्या अशा रुग्णांसाठी बीराफरोधक औषध आणि ईजीएफ रिसेप्टरविरोधी प्रतिपिंड ही जोडी मान्य आहे.