‘न्यायप्रविष्ट’पासून ‘इंचभर’पर्यंत: सीमाभागात डोक्यात जाणारे शब्द

बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकात असलेल्या आणि महाराष्ट्र मागत असलेल्या मराठी पट्ट्यात काही शब्द नुसते कानावर पडले तरी कपाळाला आठी पडते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचं ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता की!’ हे त्यातलं सौम्य. कचेरीच्या खिडकीतून येणारं ‘कन्नड बरंगिल्लेन?’ (कन्नड येत नाही का?) जरा जास्त झोंबतं. पण वीट आणणारे खरे शब्द सरकारी आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्याच माणसांच्या तोंडून येतात.

वेणुग्रामाचा, म्हणजे जुन्या बेळगावचा, इतिहास इथे काढत नाही, चालू चिडचिडीशी त्याचा काही संबंध नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहिला. ‘सीमावासीय’ या शब्दाचा गुंता तिथलाच. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालं की हद्द ओलांडताच शिनोळी लागते. ती चंदगड तालुक्यात. सीमेला खेटून राहणाऱ्या शिनोळीकराला कुणी सीमावासीय म्हणत नाही, कडोलीचा किंवा येळ्ळूरचा माणूस मात्र जन्मापासून सीमावासीय. पार भालकी आणि कारवारही ‘सीमाभागा’त बसतात. महाराष्ट्र मागतो त्या गावांचा आकडासुद्धा कधी ८१४, कधी ८६५. ऐकणाऱ्याने कुठला धरायचा ते बोलणाऱ्यावर अवलंबून.

‘अंतिम’ हा शब्द १९६७ पासूनचा. आदल्या वर्षी एका वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या उपोषणानंतर केंद्राने निवृत्त सरन्यायाधीशांचा एकसदस्य आयोग नेमला. त्याने बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. निपाणी, नंदगड, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला आणि दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातली २४७ गावं म्हैसूरला देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल झिडकारला. कर्नाटकाने तो ‘अंतिम’ ठरवला, आजही ठरवतो. अंमल मात्र एका ओळीचाही झाला नाही. ती २६४ गावं महाराष्ट्रात आली नाहीत, ती २४७ कर्नाटकात गेली नाहीत, आणि तरीही अहवाल अंतिम!

आता ‘न्यायप्रविष्ट’, म्हणजे कोर्टात निकालाची वाट पाहणारं. इतका जड शब्द सीमाभागातल्या चहाच्या टपरीवर जितक्या सहज ऐकू येतो तितका आणखी कुठे येत असेल असं वाटत नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, घटनेच्या १३१ व्या कलमाखाली. दोन राज्यांमधल्या तंट्यासाठीचं ते कलम. राज्यांच्या हद्दी ठरवणं तिसऱ्या कलमाने संसदेकडे दिलेलं आहे, न्यायालयाचा इथे संबंधच नाही, ही कर्नाटकाची हरकत. २०१४ मध्ये साक्षी नोंदवायला एका निवृत्त न्यायमूर्तींची नेमणूक झाली, त्यावरही हरकती निघाल्या. दावा आहे तिथेच आहे.

यात शब्दाचा काय दोष? दोष त्याच्या वापराचा. न्यायप्रविष्ट आहे ती हद्द. बाकी काही नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी कागद मिळावेत, यासाठी देशभर लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचा निकष मानला जातो. त्याचा या दाव्याशी काडीचाही संबंध नाही. येळ्ळूरचा शेतकरी तालुक्याला जाऊन स्वतःच्याच जमिनीचा कन्नडमधला उतारा काढतो आणि तो वाचून घ्यायला झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराकडे जातो. पोरगं बोट ठेवून सांगतं, हे तुमचं नाव काका, हे क्षेत्र, हा बोजा. ‘कागद मराठीत द्या’ म्हणून कुणी निवेदन नेलं तर कर्नाटकातला अधिकारी आणि महाराष्ट्रातला पुढारी दोघेही एकाच सुरात तो शब्द काढतात. पाण्याची टाकी, शाळेतला मराठी शिक्षक, नोकरभरती, सगळं त्याच एका शब्दाखाली गाडलं गेलं. म्हणून आता पोरं लग्न लांबलेल्या मित्रालाही विचारतात, ‘काय रे, न्यायप्रविष्ट काय?’

‘कन्नडसक्ती’ हा शब्द चीड आणतो म्हणणं तोकडं पडेल, त्याच्यामागे जून १९८६ चा, सक्तीविरोधी आंदोलकांवर झालेला गोळीबार आहे.

१ नोव्हेंबर २०१४ ला ‘बेळगावी’ हे सरकारी नाव आलं. त्या दिवशी राज्यातल्या एकूण बारा शहरांची नावं बदलली. बंगळूर-म्हैसूरचा बदल इंग्रजी स्पेलिंगपुरता होता, मराठी माणसाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. इथे मात्र मराठी बातम्यांतही ‘बेळगावी’ येऊ लागलं. मराठी वाक्यात ‘बेळगाव’ असताना ही ‘वी’ कशाला, हा सवाल रास्तच आहे. कानडी माणूस आपल्या भाषेत पूर्वापार ‘बेळगावी’च म्हणत आलाय, हेही खरं. पण त्याच वर्षी जुलैत ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक उखडून झाला होता आणि पोलिसांची लाठी घराघरांत फिरली होती. त्यामुळे ‘वी’ नुसती कानाला खटकून थांबली नाही.

अलीकडचा शब्द ‘इंच’. २२ डिसेंबर २०२२ ला बेळगावातल्याच सुवर्णसौध या विधानभवनात कर्नाटकाच्या विधिमंडळाने ठराव केला, इंचभरही जमीन देणार नाही. पाच दिवसांनी नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाचा ठराव, ८६५ गावांतली इंच न् इंच जमीन घेणार. दोन्ही ठराव एकमताने. बेळगावच्या गणपत गल्लीत त्या आठवड्यात पोलिसांची व्हॅन उभी होती आणि कोल्हापूरच्या एस्टीचा भरवसा नव्हता.

२०२४ पासून ‘साठ टक्के’ आलंय. दुकानाच्या पाटीवर निम्म्याहून जास्त, म्हणजे ६० टक्के जागा कन्नडला, असा कायदा राज्यभर झाला. त्यात मराठीला बंदी नाही. उरलेल्या चाळीसात इंग्रजी आणि मराठी दोन्ही कोंबायचं तर मराठीला किती जागा राहते, हे खडे बाजारातून एक चक्कर मारली की दिसतं. गिऱ्हाईकाला वाचता यावं म्हणून काही दुकानदार मराठी नाव पाटीवरून काढून आतल्या काचेवर चिकटवतात.