डोक्यावरच्या वळ्या आणि डोंबिवलीतला कूलर

परवा घरच्या ग्रुपवर मामीनं एक फोटो टाकला. झोपलेलं तान्हं बाळ आणि त्याच्या डोक्यावर कातडीच्या वळ्याच वळ्या, मापापेक्षा मोठं टोपडं चढवल्यासारख्या. खाली मेसेज, नवीन आजार आलाय, सगळ्यांना पाठवा. आजारबिजार काही नाही हो, शिल्प आहे ते! अ‍ॅगी हेन्स नावाच्या ब्रिटिश कलावतीनं २०१३ मध्ये 'ट्रान्सफिगरेशन्स' नावानं अशी पाच बाळं केली. कल्पना अशी की उद्या आईबाप पोराचं भलं व्हावं म्हणून जन्मल्या जन्मल्याच त्याच्यावर ऑपरेशन करून घेतील. वळ्यावालं बाळ तापत्या पृथ्वीसाठी, डोक्याची कातडी वाढवली की उष्णता बाहेर टाकायला जागा जास्त. दुसऱ्या एकाचा गाल असा बदललाय की कॅफिन झटपट शोषलं जावं, म्हणजे मोठेपणी जास्त तास काम करता येईल.

गालवाल्याकडे नंतर येतो, आधी वळ्या, कारण खरी मजा तिथंय.

डोकं निवडलंय ते बरोबरच. भाजलेल्या पेशंटची कातडी मोजताना डॉक्टर मोठ्या माणसाचं डोकं ९ टक्के धरतात, तान्ह्या बाळाचं साधारण १८. आता बघा, नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॉट उष्णता निघते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी, आणि स्लॅबवर घमेली वाहणाऱ्याच्या अंगातून त्याच्या कितीतरी पट. कातडीचं तापमान असतं ३५ अंशांच्या आसपास. हवा ३० असेल तर उष्णता आपोआप बाहेर जाते, तिथं जास्त कातडी फायद्याची. पण हवा ४४ असेल, अकोल्याचा मे महिना, तर गाडी उलटी फिरते, बाहेरची उष्णता आत येते आणि वाढीव कातडी म्हणजे तापायला वाढीव जागा! मग एकच रस्ता उरतो, घाम. तोही नुसता येऊन उपयोग नाही, वाळला पाहिजे. १ लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासाभरात वाळला तर साडेसहाशे वॉट. हनुवटीवरून टपकला तो फुकट गेला.

माठाचं हेच तत्त्व आणि कूलरचंही. माझ्या मावसभावानं अकोल्याहून डोंबिवलीला येताना हौसेनं घरचा कूलर आणला, तिकडे त्याच्यापुढे गोधडी लागायची. इथं दोन दिवसांत भिंतींना ओल, गाद्या चिकट आणि माणसं पहिल्यापेक्षा घामाघूम. हवेतच एवढी वाफ की पाणी वाळणार कुठं? थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा लागू दिला की जो आकडा येतो त्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात. ते ३५ झालं की सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत जाऊ शकतो, असं २०१० मध्ये एका शोधनिबंधात मांडलं गेलं. पुढे अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग केले तेव्हा दमट हवेत शरीर ३१ च्या आसपासच हात टेकायला लागतं असं दिसलं. (आणि खिशातला कांदा यातलं काहीही करत नाही. कांदा खा, खिशात ठेवून फक्त खिशाला वास येतो.)

आता परत बाळाकडे. वळीच्या आत वारा खेळत नाही, घाम तिथंच कोंडतो, शिवाय समोरासमोरच्या दोन वळ्या एकमेकींनाच उष्णता देत बसतात. घामोळं मात्र हमखास. हत्तीचा कान बघा, पातळ, सपाट, रक्तवाहिन्यांनी भरलेला आणि वर हलवता येणारा. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही म्हणून अंगावर पाणी, चिखल उडवून घेतो, आणि आफ्रिकन हत्तीच्या कातडीला ज्या बारीक भेगा असतात त्यात सपाट कातडीच्या ५ ते १० पट पाणी धरून राहतं, ते सावकाश वाळतं. म्हणजे वळ्यांपेक्षा भेगा बऱ्या होत्या.

पण हेन्सबाईंना इंजिनिअरिंगचे मार्क नकोच होते. शरीर सुधारणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो मेंदूत चिप घातलेला कुणी अब्जाधीश, आणि न्यूजवालेही तेच दाखवतात. मला भीती उलटी वाटते. ज्याच्या घरात, गाडीत, ऑफिसात एसी आहे त्याच्या पोराला वळ्या कशाला हव्यात? वळ्या लागणार त्याला, ज्याला त्याच एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा खात गल्लीत उभं राहायचंय. गालवालं बाळ म्हणूनच अंगावर येतं, त्याला हुशार केलेलं नाही, जास्त तास टिकेल असं केलंय.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मामीनं अंगठा दाखवला आणि विचारलं, ऑपरेशनचा खर्च कोण देणार, आईबाप की मालक?

भावाचा कूलर माळ्यावर पडलाय, अकोल्याला कुणी जाणारं असेल तर घेऊन जा.